गोमुखापाशी थांबणारी गाडी

माझ्या दुकानात वस्तू घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास एकच बोलतो. "उत्तमभाऊ, आमी काहीच केलं न्हाई, आपोआप बंद पडलं." मी मान हलवतो, झाकण उघडतो आणि त्या 'काहीच'च्या शोधाला लागतो. उभा जन्म यातच गेला, आणि खरं सांगायचं तर मजेत गेला.

वसमतच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. पंपाच्या मोटारी भरून देणं, स्टार्टर दुरुस्त करणं, हळद पॉलिश करायच्या ढोलाच्या मोटारी, आणि अलीकडे इन्व्हर्टर, सोलर पंप यांची सर्किटची कार्डं. या अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा आमच्या मंडळींनी विचारलं, "जळक्या तारांचं वाचनार कोन?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून तारांचं थोडक्यात सांगतो आणि ज्या कामानं मला सगळ्यात जास्त चक्रावून सोडलं, त्या एका कामाकडे वळतो.

मोटार चालवणं सोपं असतं. अवघड असतं ते तिला आणि तिला वीज देणाऱ्याला वाचवणं. मोटार अडकली, पंपात गाळ बसला, की ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. मागचं सगळं तापायला लागतं. म्हणून वाटेत एक राखणदार बसवलेला असतो. कुठे तो फ्यूज असतो, कुठे स्टार्टरमधला ओव्हरलोड, कुठे कार्डावरची बारकी चिप. राखणदाराचं काम एकच, धोका दिसला की सगळं बंद करायचं. आणि आमच्या भागातल्या माणसाला सगळ्यात जास्त राग येतो तो बंद करणाऱ्याचाच.

त्यात त्याची चूक आहे असंही म्हणवत नाही. लाइट येते तिच्या मर्जीनं, हळदीला पाणी हवं असतं वेळेवर, आणि नेमका तेव्हाच स्टार्टर खटकन पडतो. मग स्टार्टरच्या बटणात काडी खोचायची, फ्यूजच्या जागी जाड तार पिळायची, हे आमच्याकडे लेकरालाही शिकवावं लागत नाही. औंढ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्ये मला कडुनिंबाची हिरवीगार काडी सापडली होती. मी विचारलं, "काडी ताजी कशी?" तो म्हणाला, "रोज बदलतो. वाळली की निसटती." मोटार जळून कोळसा झाली होती, पण त्या माणसाच्या शिस्तीला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

तर अशा या दुकानात एक दिवस किशनराव आले.

किशनराव हट्ट्याचे. रेल्वेत ड्रायव्हर होते. आमच्या पूर्णा-अकोला लाइनवर मीटरगेज होती तेव्हा त्यांनी डिझेल इंजिन चालवलं, लाइन रुंद झाली तशी मोठी इंजिनंही चालवली, आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन शेती बघायला लागले. उंच, ताठ माणूस, बोलणं तोललेलं. त्यांनी काउंटरवर पोळ्यांचा स्टीलचा डबा ठेवला.

"काय आणलंय काका?"

"रेल्वे," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण डब्यातून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक काळी पेटी काढली. तिला एक गोल नॉब होता, छोटा पडदा होता आणि मागे तारा. "लहान रेल्वेचा कंट्रोलर हाय. जावयानं पुण्याहून आणून दिली रेल्वे. घरात चालती. दोनदा पेटी बदलून आणली, आता जावई म्हणतो, मामा, ही पेटी आता मिळंना. वसमतलाच दाखवा कुणाला."

मी असली वस्तू कधी पाहिली नव्हती. हातातलं ढोलाचं काम बाजूला सारलं, दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं आणि पेटी उघडली. जळका वास आलाच. मोटारीला वीज देणारी जी मुख्य चिप असते, जिला आम्ही ड्रायव्हर म्हणतो, तिला मधोमध भोक पडलं होतं. पण माझं लक्ष गेलं ते बाजूला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती. तिपदरी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली, पंपाच्या किटकॅटला, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजला, देतात अगदी तशी. हा पीळ जर्मनीत देत नाहीत, जपानात देत नाहीत, तो फक्त आमच्या जिल्ह्यात देतात.

"काका, ही तार कुणी घातली?"

"कंपनीचीच आसंल."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ते रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "फ्यूज सारका उडून राहिला. गाडी एकाच जागी अडायची. मान्सानं काय करावं?"

"नोकरीत गाडी अडली तर काय करायचात?"

"सिग्नल पाहायचो. उभ्या नोकरीत लाल सिग्नल ओलांडला न्हाई मी." हे सांगताना ते आणखी ताठ झाले.

"मग हा फ्यूज म्हणजे लाल सिग्नलच की."

हे त्यांना आवडलं नाही. इंजिनावरचा शिस्तीचा ड्रायव्हर घरी आल्यावर चारचौघांसारखा शेतकरी झाला होता, याची मला गंमत वाटली. पण त्यांच्या पुढच्या वाक्यानं माझं हसू थांबलं.

"उत्तमभाऊ, खेळणं समजू नका. आमच्या बाईच्या हाताचं औषध हाय हे."

त्यांच्या बायकोला, गयाबाईंना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. औषधपाण्यानं हात थोडा हलायला लागला, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटांना रोज काम द्या, पण त्यांना आवडेल असं काम द्या. चेंडू दाबायला दिला, तो त्यांनी फेकून दिला. गहू निवडायला दिले, तोंड फिरवलं. शेवटी जावयानं ही रेल्वे आणली आणि नॉब हातात दिल्यावर बाई पहिल्यांदा उठून बसल्या.

मी त्यांना सांगितलं, पेटी दुरुस्त होते का बघतो.

आता ही डिजिटल रेल्वे चालते कशी, ते मला आधी स्वतःला समजून घ्यावं लागलं. मोबाइलवर वाचलं, पेटी उलटीपालटी करून पाहिली. साध्या खेळण्यात रुळात वीज सोडली की गाडी पळते, वीज कमी केली की हळू होते. इथं तसं नाही. इथं रुळात वीज कायम भरलेली असते आणि तिच्यातूनच हुकूम जातात. अमक्या इंजिना, पुढे चल. अमक्या इंजिना, मागे ये. इंजिनाच्या पोटात एक इवलीशी चिप बसलेली असते, ती आपला हुकूम तेवढा ओळखते आणि मोटार फिरवते. नॉब फिरवणारा वीज देत नाही, हुकूम देतो.

ड्रायव्हर चिपचं काम समजायला शेतातलं पाणी आठवावं. आपण पाणी देताना दारं धरतो, एक बांध फोडला की पाणी इकडे, तो बुजवून दुसरा फोडला की तिकडे. या चिपमध्ये तशी चार दारं असतात. एका वेळी समोरासमोरच्या तिरप्या दोन दारांतून वीज जाते, लगेच ती बंद होऊन दुसरी दोन उघडतात, आणि हे डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो वेळा होतं. त्या उघडझापेतच हुकूम लपलेला असतो. सगळं ठीक आहे तोवर ती बिचारी गारेगार असते. पण दोन रूळ कुठे एकमेकांना भिडले, तर सगळं पाणी एकदम ओढ्याला जावं तशी वीज धावते आणि चिपचं पोट फाटतं.

मी नांदेडहून चिप मागवली. बसवली. पण नुसती चिप बसवून देणं म्हणजे फाटक्या पोत्यात पुन्हा धान्य भरण्यासारखं होतं. म्हणून तारेच्या जागी फ्यूज घातला आणि त्याच्या पुढे माझा स्वतःचा एक राखणदार बसवला. वीज मर्यादेबाहेर गेली की तो फ्यूजच्याही आधी दारं मिटून घ्यायचा, थोडं थांबायचा, पुन्हा हळूच उघडून बघायचा. चिपच्या पाठीवर उष्णता वाहून न्यायला ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला. टेबलावर मुद्दाम दोन तारा भिडवून पाहिल्या. राखणदारानं दारं मिटली, चिप गारच राहिली. लेकराच्या हातातली पेटती काडी काढून घ्यावी तसं समाधान झालं मला.

आठवडाभरात किशनरावांचा फोन. "उत्तमभाऊ, जळत न्हाई, पर गाडी तिथंच अडून राहायली. तुमचा तो राखणदार काढून टाका."

"काढत नाही. मी येतो बघायला."

हट्ट्याला त्यांचं घर साधं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. आतल्या खोलीत गयाबाईंची खाट. खाटेला लागून प्लायवुडचा मोठा फळा, आणि त्यावर किशनरावांनी आपली सगळी हयात मांडलेली. वसमत स्टेशन, पिवळी पाटी, पाण्याची टाकी, बुजगावणं उभं असलेलं शेत. हळदीची पानं रंगीत कागदाची. फळ्याच्या दुसऱ्या टोकाला गावाच्या वाटेवरचं महादेवाचं देऊळ, थर्माकोलचं, पण पायऱ्या, नंदी, भिंतीतून बाहेर आलेलं अभिषेकाच्या पाण्याचं गोमुख, सगळं जिथल्या तिथं. गाडी स्टेशनातून निघायची, शेतातून जायची, देवळाला फेरा घालायची आणि आल्या रुळावरूनच परत स्टेशनात यायची. तोंड घराकडे करून.

मी म्हटलं, "काका, देऊळ खासच केलंय."

"लग्नापासून दर सोमवारी जायची ती तिथं. मी लाइनवर. आता तिचं जाणं बंद झालं, म्हणून म्हटलं, गाडीनं तरी फेरा घालावा."

गयाबाई माझ्याकडे पाहून हसल्या. ओठ एका बाजूलाच गेले. वाचेतला एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता, 'न्हाई'. चहा घेता का म्हटलं की "न्हाई" म्हणायच्या आणि कप हातात घ्यायच्या. उशी सरकवू का म्हटलं तरी "न्हाई", आणि सरकवली की बरं वाटायचं. घरात कुणी त्या शब्दाकडे लक्ष देईनासं झालं होतं.

किशनरावांनी गाडी चालवून दाखवली. गाडी देवळामागून आली, गोमुखाच्या चार बोटं पुढे गेली आणि खटकन थांबली. माझ्या पेटीनं दारं मिटली होती. मी वाकून रूळ पाहिले. तिथं दोन्ही रुळांना करवतीनं खाच पाडलेली.

"ही खाच कशाला?"

"ती न्हाई पाडली तर गाडी सुरूच व्हत न्हाई. पाडली तवा सुरू झाली."

मी जमिनीवर बसकण मारली आणि कागदावर पेनानं रूळ काढत गेलो. फेरा घालून गाडी आल्या वाटेनं परत येते म्हणजे काय होतं? डावा रूळ धरून निघालं, फेरा पुरा केला, की तो डावा रूळ येऊन उजव्या रुळालाच भिडतो. म्हणजे किशनरावांनी हौसेनं जो फेरा मांडला होता, त्यातच दोन्ही रुळांची भेट ठरलेली होती. खाच पाडून त्यांनी ती भेट टाळली, पण इंजिनाचं लोखंडी चाक खाचेवर आलं की ते दोन्हीकडे पाय ठेवायचं आणि भेट घडवून आणायचं. फ्यूज उडायचा तो त्यामुळे. तार पिळली तेव्हा चिप जळायची ती त्यामुळे. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं "सापडला!" म्हणालो. गयाबाईंनी "न्हाई, न्हाई" म्हटलं. मी हसलो.

तेवढ्यात माझ्या डोक्यात एक शंका आली. "काका, काकूंच्या हातून कितीदा जळलं?"

"तिच्या हातून एकदाबी न्हाई. तिची गाडी तितवर जातच न्हाई." ते मला पडवीत घेऊन गेले, आवाज खाली आणला. "गोमुखापाशी आली की हात थांबतो तिचा. रोज. गाडी तिथंच उभी करती, आन् उलटी मागं नेती. मी नॉब घेतो अन् फेरा पुरा करून देतो. मनाशी धरलं हाय मी, ज्या दिवशी ती फेरा पुरा करून गाडी ठेसनात आनंल, त्या दिवशी म्हनायचं की हात आला. पर त्याच्या पुढं सरकंनाच."

मला वाटलं, कारण उघड आहे. खाचेवर चाक आलं की ठिणगी पडते, बाई त्या ठिणगीला भीत असणार. पेटी नीट झाली की हातही नीट होईल. एवढ्या वर्षांच्या धंद्यानं हा एक दुर्गुण लावलाय मला, प्रत्येक गोष्टीचं कारण तारेतच असेल असं वाटतं.

मग मी त्या फेऱ्यासाठी वेगळी जोडणी केली. गोमुखापुढचा रुळाचा तुकडा दुसरी खाच पाडून दोन्हीकडून सोडवला आणि त्याला स्वतःचा छोटा रिले, म्हणजे विजेनं आपोआप फिरणारा खटका, दिला. चाक खाचेवर येऊन वीज चढायला लागली, की पेटीनं दारं मिटायच्या आत हा रिले टक् करून त्या तुकड्याचं डावं-उजवं बदलून टाकायचा. गाडीला पत्ताही लागायचा नाही. हे काम मी जीव लावून केलं. सोल्डरिंग असं केलं की भिंग लावून पाहावं. आयुष्यात एवढी देखणी जोडणी मी दुसरी केली नाही.

ती बसवली त्या दिवशी किशनरावांनी अंगात स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी आधी स्वतः गाडी फिरवली. टक्. गाडी न थांबता फेरा पुरा करून स्टेशनात आली. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी नॉब गयाबाईंच्या हातात दिला. "चाल आता. आता काहीच अडचन न्हाई."

गाडी निघाली. शेत गेलं, देवळाची मागची बाजू गेली. गोमुखापाशी आली आणि थांबली. उलटी फिरली आणि मागे निघाली.

"न्हाई," गयाबाई म्हणाल्या.

किशनराव गयाबाईंकडे वाकले. मग हळूच नॉब त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाहेर आले. "आता बास, उत्तमभाऊ. वाटायचं मशीनमधी खोट हाय. मशीन तर बराबर झालं. म्हंजी खोट हातातच हाय. उगं तिला तकलीफ काहून द्यायची? येत्या ऐतवारी सगळं गुंडाळून जावयाला वापस करतो."

मी गाडीवर बसून वसमतला आलो, पण मन तिथंच राहिलं. माणसाचं काम आणि वस्तूचं काम यात फरक आहे, हे मला कळतं. तरी वाईट वाटलं. आणि वाईट वाटण्याखाली आणखी काहीतरी टोचत होतं. दमलेला हात कधी इथं थांबेल, कधी तिथं. सैल झालेला सांधा कधी धरतो, कधी सोडतो. पण जी गोष्ट रोज एकाच जागी घडते, तिला काहीतरी ठरलेलं कारण असतं, असा माझा आजवरचा अनुभव. गयाबाईंचा हात रोज गोमुखापाशीच का थकावा?

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मंडळींनी मला आमच्या गल्लीतल्या महादेवाला नेलं. मी देवळात जातो तो तिच्या धाकानं. दर्शन झालं, ती पुढे, मी मागे, प्रदक्षिणेला निघालो. डोक्यात रिलेच चालू. देवळामागून फिरलो, गोमुखाशी आलो आणि पाय आपोआप थांबले. वळलो आणि आल्या वाटेनं मागे निघालो. लहानपणी आईनं हाताला धरून असंच वळवलेलं. महादेवाला पुरा फेरा घालायचा नसतो, गोमुखातून वाहणारं पाणी ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं आणि माघारी यायचं. आमच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही, पायच सांगतात.

मी देवळाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. मंडळींनी विचारलं, "काहून थांबलात? चक्कर येऊन राहिली का?"

"नाही," मी म्हटलं, "मला हट्ट्याला जायचंय."

"खेळन्यापायी? देवळातूनच?"

देवळातूनच गेलो. किशनराव फळ्यावरचे खांब उपटून खोक्यात भरत होते. रविवारची वाटही पाहिली नव्हती त्यांनी. मी म्हटलं, "काका, थांबा. एकदाच गाडी चालवू द्या काकूंना. पण आधी मला देऊळ थोडं फिरवू द्या."

"देऊळ?"

देऊळ फिरण्याची गोष्ट आमच्या जिल्ह्याला तशी नवी नाही, औंढ्याला भक्तासाठी देऊळच फिरलं म्हणतात, पण किशनराव माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मलाच चक्कर आली असावी. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावरून काकूंना कळलं असतं, आणि मला खरं काय ते पाहायचं होतं. गाडी रोज जिथं थांबते तिथं मी रुळाशेजारी खडूनं रेघ ओढली. मग थर्माकोलचं देऊळ दोन्ही हातांनी धरून पाव फेरा फिरवलं. गोमुख रेघेपासून बरंच पुढे गेलं. हात कमजोर असेल, तर गाडी रेघेवर थांबेल. दुसरं काही असेल, तर कळेलच.

नॉब गयाबाईंच्या हातात दिला. त्यांनी देवळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. मग नॉब फिरवला.

गाडी स्टेशनातून निघाली. शेत ओलांडलं. देवळामागे आली. किशनराव खाटेचा खूर धरून बसले होते. गाडी रेघेवर आली, आणि रेघ ओलांडून सरळ पुढे गेली. माझा रिले टक् वाजला. हात थांबला नाही, डगमगला नाही. गाडी तशीच पुढे सरकत फिरवलेल्या गोमुखाशी आली, हळू झाली आणि बरोबर त्याच्या अलीकडे उभी राहिली. तिथून ती उलटी फिरली आणि मागे मागे, अलगद, स्टेशनात येऊन लागली.

किशनरावांनी खाटेचा खूर सोडला. मीच विचारलं, "काकू, गोमुख ओलांडायचं नाही म्हणून थांबता व्हय?"

"न्हाई," गयाबाई म्हणाल्या, आणि मान जोरजोरात होकाराची हलवत हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी त्याच उजव्या हाताचं बोट उचलून देवळाकडे केलं. थरथरत होतं, पण उचललं. फिरवलेलं देऊळ त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. मी ते घाईघाईनं होतं तसं सरळ केलं.

किशनराव उठले. खोक्यात भरलेल्या खांबांतून त्यांनी स्टेशनापुढचा सिग्नल शोधून काढला, लाल पात्याचा, नखाएवढा. तो आणून गोमुखाच्या अलीकडे, खडूच्या रेघेवर रोवला. "रोज लाल दाखवून राहिली ती मला," ते म्हणाले, "आन् मी रोज तिच्या हातातून नॉब घिऊन ओलांडत व्हतो." मग त्यांना रडू आवरलं नाही. गयाबाईंनी त्यांच्या पाठीवर उजवा हात ठेवला. म्हणाल्या, "न्हाई, न्हाई."

मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं आणि निघूनही जाववेना. त्यांच्या सुनेनं आणलेला चहा तेवढा प्यायलो.

डॉक्टरांना किशनरावांनी आता फेऱ्याचं सांगायचं सोडलंय. हात ठरल्या जागी थांबतो, एवढंच सांगतात. गयाबाईंच्या बोटांत आता बरंच बळ आलंय, भाकरीचा तुकडा स्वतः मोडतात. वाचा अजून नाही, पण घरात आता कुणी 'न्हाई' ऐकलं की थांबून त्यांच्या तोंडाकडे पाहतं. दर सोमवारी गाडीच्या उघड्या डब्यात एक बेलाचं पान ठेवतात, ते गोमुखापर्यंत जातं आणि माघारी येतं.

अधूनमधून हट्ट्याकडे काम निघालं की मी डोकावतो. पेटी उघडून बघतो. फ्यूज जागेवर आहे, तार नाही. चिप गार आहे. फक्त एकाच गोष्टीची जराशी हळहळ आहे. आयुष्यात केलेली माझी सगळ्यात देखणी जोडणी, तो गोमुखापुढचा रिले, त्या सोमवारनंतर एकदाही वाजलेला नाही. गयाकाकूंची गाडी त्याच्यापर्यंत जातच नाही.